संस्थेचा ब्लॉग कुणी लिहायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संस्थांनी लोकांशी संपर्क ठेवण्यासाठी ब्लॉग लिहावा का, या प्रश्नावर हल्ली दोनच उत्तरं ऐकू येतात. लिहायलाच हवा, नाहीतर गूगलवर सापडणार कसे, हे एक. आणि आता वाचतंय कोण, व्हिडिओ करा, हे दुसरं. लिहिणार कोण, हे मात्र दोन्हीकडचे विचारत नाहीत. माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

बहुतेक ठिकाणी हे काम जनसंपर्क विभागाच्या गळ्यात पडतं. मग आत काय असणार हे न उघडताही सांगता येतं: वर्धापनदिनाची छायाचित्रं, अध्यक्षांचं मनोगत, ‘कळविण्यास आनंद होतो की’ने सुरू होणारी निवेदनं. लेखकाच्या नावाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’. या अ‍ॅडमिनला शंका विचारली तर उत्तर येत नाही, कारण ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस दुसऱ्याच खोलीत बसलेला असतो आणि त्याला लिहायची परवानगी नसते. असा ब्लॉग नसलेलाच बरा.

याउलट काय होऊ शकतं, याचं जुनं पण बोलकं उदाहरण डेल कंपनीचं आहे. २००५ मध्ये जेफ जार्व्हिस या पत्रकाराने डेलच्या बिघडलेल्या लॅपटॉपबद्दल आणि ग्राहकसेवेबद्दल स्वतःच्या ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली आणि तसाच अनुभव आलेले असंख्य लोक त्यात सामील झाले. कंपनी गप्पच होती. जुलै २००६ मध्ये तिने स्वतःचा ब्लॉग काढला, तोही आधी स्वतःचीच पाठ थोपटण्यासाठी, आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण त्याच सुमारास जपानमध्ये एका डेल लॅपटॉपने पेट घेतल्याची छायाचित्रं इंटरनेटवर फिरत होती. लायनेल मेंचाका या कर्मचाऱ्याने कंपनीच्याच ब्लॉगवर, स्वतःच्या नावाने, तो विषय काढला. ऑगस्टमध्ये डेलला लॅपटॉपमधल्या, सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. त्या वेळी ग्राहकांशी बोलायला एक चालती जागा आणि एक ओळखीचं नाव आधीपासून होतं. संकट आल्यावर ब्लॉग काढला असता तर ती सारवासारवच वाटली असती.

प्रोग्रामरांना त्यांचा कोड साठवायला जागा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते. त्यांपैकी एकही धड चालत नव्हता. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. दुसरी एखादी कंपनी ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा खंडित, दिलगीर आहोत’ या एका ओळीवर थांबली असती. गिटलॅबने दुरुस्ती चालू असतानाच तिची टिपणं सर्वांना वाचायला खुली ठेवली आणि नंतर कुठली व्यवस्था का फसली याचा सविस्तर लेख ब्लॉगवर टाकला. त्या लेखात अभियंत्याचं नाव मात्र घेतलं नाही. चूक व्यवस्थेची होती, ती एका माणसाच्या माथी मारायची नाही, हेही त्यातून वाचकाला कळलं. हे सगळं दीड मिनिटाच्या व्हिडिओत मावलं नसतं.

ढोंगही फार दिवस टिकत नाही. २००६ मध्येच वॉलमार्ट या दुकानसाखळीच्या वाहनतळांवर मुक्काम करत अमेरिकाभर फिरणाऱ्या एका जोडप्याचा ब्लॉग गाजला. प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या बाजूच्याच एका गटाने केल्याचं उघड झालं. तो गट उभा करणाऱ्या एडेलमन या जनसंपर्क संस्थेच्या प्रमुखांना स्वतःच्या ब्लॉगवर माफी मागावी लागली!

‘फेसबुक पान आहे की’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की ती जागा भाड्याची आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. स्वतःच्या संकेतस्थळावरचा लेख पाच वर्षांनीही त्याच पत्त्यावर सापडतो. अर्थात, नवे पदाधिकारी आल्यावर जुनं सगळं पुसायची खोड नसेल तर.

कायदेविषयक सल्लागारांचा आक्षेप असतो, की कर्मचारी मोकळेपणी लिहू लागले तर एखादं वाक्य उद्या न्यायालयात अंगाशी येईल. भीती खोटी नाही. रुग्णांची, विद्यार्थ्यांची, ग्राहकांची खासगी माहिती, न्यायप्रविष्ट बाबी, शेअर बाजारावर परिणाम करणारे आकडे यांना हात लावायचा नाही, एवढी मर्यादा आधीच लिहून द्यावी. पण प्रत्येक मजकूर पाच सह्यांनंतरच बाहेर पडणार असेल, तर तो परिपत्रकासारखाच वाचला जाणार.

लहान संस्थांकडे यासाठी माणूस नसतो, ही खरी अडचण आहे. त्यांनी ब्लॉगचा हट्ट धरू नये. कामाच्या वेळा, शुल्क, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि ‘शेवटचा बदल’ची तारीख असलेलं एक पान अद्ययावत ठेवलं तरी त्यांच्याकडे येणारे निम्मे फोन कमी होतील असं मला वाटतं.

आपला,
एक वाचक