गुडघ्यावरचा वारा अडवणाऱ्या मास्तरांस

सोलापूर, पौष महिना

आदरणीय मास्तर,

सविनय नमस्कार.

हिवाळ्यातल्या पहाटे माळावर सायकल चालवताना पाय उबदार राहावेत म्हणून आपण मला लेग वॉर्मरची, म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंत चढवायच्या सुट्या पायमोज्यांसारख्या कपड्याची, जी जोडी शिवून दिलीत, तिच्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. चार चौकांपलीकडच्या आपल्या कारखान्यात येऊन हे बोलता आले असते, आणि तसे मी बोललेही आहे. परंतु आमच्या सायकल गटातील मंडळी ‘हे कुठून घेतले’ असे वारंवार विचारतात, आणि त्याचे उत्तर एखाद्या दुकानाचे नाव सांगून देता येत नाही. ही वस्तू कोणत्या विचारातून घडली आणि तो विचार कोणाचा, हे सांगावेच लागते. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे.

‘सोलापुरात कसली आली थंडी?’ असे पुण्या-नाशिकचे सायकलस्वार आम्हाला हसत विचारतात. उन्हाळ्यात आपले गाव ज्या तऱ्हेने भाजून निघते ते पाहता त्यांचे हसणे समजण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीतही इथे दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असते. पहाटे मात्र पारा सहसा १४ ते १७ अंशांपर्यंत उतरतो आणि कडाका पडला की १०-१२ अंशांवर येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि माळावर झाडांचे आच्छादन नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीत आपली उष्णता झपाट्याने गमावते. गार झालेली हवा जड असल्यामुळे ती उताराने सरकत ओढ्या-नाल्यांत साठते. हिप्परगा तलावाच्या मागच्या गाडीवाटांवर किंवा नान्नजकडच्या माळावर, अर्थात तिथल्या माळढोक अभयारण्याची हद्द सोडून, ज्याने सूर्योदयापूर्वी सायकल घातली आहे, त्याला टेकाडावरून ओढ्यात उतरताच मांड्यांवर येणारा शहारा ठाऊक असतो. उसाला पाणी दिलेल्या शेताच्या बांधावरून जातानाही असेच होते.

त्यातच सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करतो. झाडाचे पान हलत नसले तरी ताशी ४० किलोमीटरने उतरणाऱ्याच्या अंगावर ताशी ४० किलोमीटरचाच वारा येतो. वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते हे मोजण्याचे जे सूत्र कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये स्वीकारले, त्यानुसार १० अंश तापमानात एवढा वारा असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी सुमारे ६ अंशांसारखी जाणवते. हे सूत्र चेहऱ्यावर बेतलेले आहे हे खरे, पण उघड्या गुडघ्याची अवस्था चेहऱ्याहून बरी असते असे मानायला काही आधार नाही.

डोंगरी सायकलिंगची अडचण साध्या रस्त्यावरच्या सायकलिंगपेक्षा वेगळी असते, आणि हे आपल्याला पहिल्याच भेटीत उमगले याचे मला फार नवल वाटले. माणूस पायडल मारताना जी ऊर्जा खर्च करतो तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या साऱ्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून खडकाळ चढावर, वेग ताशी सात-आठ किलोमीटर असताना, थंडीतही पोटऱ्या घामाने भिजतात. मग उतार लागतो. तिथे पायडल फिरवायचे नसते. दोन्ही पाय एका पातळीवर धरून, गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे असते. उष्णता तयार होणे थांबते, वारा वाढतो आणि घाम अजून ओलाच असतो. या तिन्ही गोष्टी एकाच मिनिटात घडतात. त्यांचा सर्वात मोठा तडाखा गुडघ्याला बसतो, कारण गुडघ्याच्या वाटीवर मांस नाही आणि चरबीही बेताचीच. कातडीखाली लगेच हाड आणि कंडरा. सांध्यातील वंगणासारखा द्रव गारठ्याने घट्ट होतो आणि थंड पडलेला स्नायू पूर्ण जोर लावू शकत नाही. शर्यतींत उतरणारे जुने सायकलपटू तापमान सुमारे १८ अंशांखाली गेले की गुडघे झाकतात ते उगाच नव्हे.

बाजारात या कामासाठी दोन प्रकारचे कपडे मिळतात. एक म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंतची, आतून लव असलेली जाड पँट. ती थंड देशांसाठी उत्तम आहे. आपल्याकडे मात्र नऊ वाजता ऊन चढले की तीच पँट शिक्षा होते आणि ती काढायला आडोसाही नसतो. दुसरा म्हणजे सुटे लेग वॉर्मर, मांडीपासून घोट्यापर्यंत चढवायचे आणि नको तेव्हा काढून खिशात ठेवायचे. सोलापूरच्या हवेला हेच योग्य. परंतु ते बहुधा पुरुषांच्या मापाने बेतलेले असतात. बाईच्या पायाला मांडीवर घट्ट आणि घोट्याशी ढगळ, किंवा नेमके उलट. चढावर उभे राहून पायडल मारले की ते घसरून गुडघ्याखाली गोळा होतात, म्हणजे ज्या जागेसाठी ते घातले तीच जागा उघडी पडते.

पूर्व भागातील आपल्या कारखान्यात मी आले ती एवढेच विचारायला की, माझ्या विकतच्या वॉर्मरना वरून दुसरे इलॅस्टिक लावून मिळेल का. शाळांच्या गणवेशांचा हंगाम एप्रिल ते जून. हिवाळ्यात आपल्याकडे ट्रॅकसूटची थोडीफार कामे असतात, म्हणून आपल्याला सवड होती असे आपण नंतर म्हणालात. मला वाटते, सवडीपेक्षा कुतूहल अधिक होते. आपण ते विकतचे वॉर्मर उलटे करून शिवण पाहिलीत आणि म्हणालात, “इलॅस्टिकचं नंतर बघू, वारा कुठं लागतो ते आधी दाखवा.” आजवर कपडे विकणाऱ्या कोणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता. सारे जण कापड किती जाड हवे तेवढेच विचारत.

दुसऱ्या दिवशी आपण सायकल कारखान्यात आणायला सांगितलीत, ती कापणीच्या टेबलाला टेकवून मला तिच्यावर बसवलेत, आणि पायडल वर असताना व खाली असताना अशी दोन्ही मापे घेतलीत. उभ्या माणसाचे माप घेऊन शिवलेला कपडा वाकलेल्या गुडघ्यावर ताणला जातो, पातळ होतो आणि मांडीवरून खाली ओढला जातो; घसरण्याचे मूळ कारण इलॅस्टिकमध्ये नसून कापणीत आहे, हे आपण टेपच्या दोन आकड्यांतून दाखवून दिलेत. पुढच्या बाजूला गुडघ्यापाशी आपण लांबी वाढवलीत आणि बारीक टक्स, म्हणजे शिवलेल्या चुण्या, घातलेत, मागे लवणीत तेवढेच कापड कमी केलेत. आता पाय सरळ केला की गुडघ्यावर थोडी चुणी पडते. दिसायला ते विशेष चांगले दिसत नाही. सायकलवर मात्र ते जागचे हलत नाही.

कापडाची निवड हा तर स्वतंत्र विषय व्हावा. चादरींच्या गावात राहून सुताला नावे ठेवणे जिवावर येते. पण कापूस हा पाणी धरून ठेवणारा धागा आहे, आणि ओले कापड अंगाला चिकटले की ते ऊब देण्याऐवजी काढून घेते. साध्या हवेतही कापूस सुमारे साडेआठ टक्के ओलावा बाळगतो आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, हे गिरणीत दिवस काढलेल्या आपल्या वडिलांकडून आपण ऐकले होते. लोकर सोळा टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून मी घोंगडीचा विषय काढला. दख्खनी मेंढीच्या लोकरीइतके या मातीतले दुसरे काय असणार! आपण शांतपणे घोंगडीचा कोपरा माझ्या मनगटावर घासलात. राठ लोकर मेंढपाळाच्या खांद्यावर शोभते. तासाला हजारो वेळा घडी पडणाऱ्या गुडघ्याच्या लवणीत तिने कातडी सोलून काढली असती.

शेवटी आपण दोन कापडे जोडलीत. पुढे, मांडीच्या मध्यापासून नडगीपर्यंत, जॅकेटला वापरतात ते वारा न घुसणारे पॅराशूटचे कापड. मागे ट्रॅकसूटचे, आतून लव असलेले, ताणले जाणारे विणीचे कापड. वारा समोरून येतो आणि घामाची वाफ मागून निघून जाते. युरोपातले सायकलपटू घाट उतरण्यापूर्वी छातीवर वर्तमानपत्र खुपसत, त्यामागचे तत्त्व हेच होते: जाडी थोडी असली तरी चालेल, वारा आत येता कामा नये. गुळगुळीत कापडाचा आणखी एक फायदा आहे, जो परदेशी वस्तूंच्या वर्णनात कधीच सापडणार नाही. हिवाळ्यात आपल्या माळावरचे गवत वाळून त्याची कुसळे सुटतात आणि विणीच्या कापडात ती अशी रुततात की घरी येऊन चिमट्याने उपसत बसावे लागते. पॅराशूटच्या कापडावर ती टिकत नाहीत. बाभळीचा काटा मात्र त्यालाही भीत नाही, म्हणून नडगीवर आपण दुहेरी थर दिलात.

बाकीचे बारकावे थोडक्यात नोंदवते, कारण विचारणाऱ्यांना ते हवे असतात. शिवण पायाच्या बाहेरच्या अंगाने आहे, कारण आतले अंग सायकलच्या दांड्याला आणि खोगिराला घासते. वरचे इलॅस्टिक दोन इंच रुंद आहे. अरुंद इलॅस्टिक एकाच रेषेवर आवळते, रक्त अडते आणि पावले आणखी गार पडतात. घोट्याशी झिप आहे, त्यामुळे बूट न काढता वॉर्मर उतरवता येतो. उजव्या पायाचा घेर आपण किंचित कमी ठेवलात, सायकलच्या चेनमध्ये काही अडकू नये म्हणून. नडगीच्या मागे चमकपट्टी लावण्याची कल्पनाही आपलीच. गाळपाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या सुसाट जात असतात आणि त्यांच्या चालकांना स्थिर लाल दिव्यापेक्षा वर-खाली हलणारी पट्टी पाहून पुढे माणूस आहे हे लवकर कळते. माळावर पोहोचण्यासाठी आम्हाला आधी बार्शी रस्ता पार करावा लागतो, आणि मला विचाराल तर पूर्ण सफरीतील सर्वात धोक्याचा तुकडा तोच आहे.

सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात आम्ही तुळजापूरच्या बाजूला गेलो होतो. बालाघाटाच्या कडेवरून खाली येणाऱ्या दगडी पायवाटेवर उजाडण्याच्या सुमारास चांगलाच गारठा होता. उतार संपून सपाटीला लागल्यावर पहिल्या काही पायडलांत गुडघे करकरल्यासारखे वाटणे, जे अशा सकाळी ठरलेलेच असे, ते या वेळी झाले नाही. बरोबरच्या एका तरुणाने पायांना उष्ण मलम चोळले होते. त्याने कातडी चुणचुणते आणि गरम वाटते, पण वारा अडत नाही, हे त्याने घाटाच्या मध्यावरच कबूल केले. तामलवाडीच्या अलीकडे ऊन अंगावर आले तेव्हा मी वॉर्मर काढून पाठीच्या खिशात टाकले. दोन्ही मिळून एका मुठीत मावतात.

वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी इथे नोंदवणे योग्य होईल. ज्याचा गुडघा उन्हाळ्यातही दुखतो, त्याने मास्तरांकडे येण्याआधी खोगिराची उंची तपासावी आणि डॉक्टरांना दाखवावे. उबेने ते दुखणे झाकले जाईल, जाणार नाही. तसेच नुसते पाय झाकून छाती उघडी ठेवण्यात अर्थ नाही. धड गार पडले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते आणि मग पायांवर कितीही चांगले कापड असले तरी बोटे बधिर होतातच.

मास्तर, या कामासाठी आपण कच्च्या शिलाईच्या ज्या जोड्या केल्यात आणि उसवल्यात, त्यांची मजुरी आपण घेतली नाहीत. कटपीसचे कापड होते, हात बसवण्यासाठी शिवले, असे म्हणालात. ते मला पटलेले नाही. आम्ही सायकलस्वार परदेशी गिअरसाठी हजारो रुपये किंमत न विचारता मोजतो आणि शिलाईचे शंभर रुपये द्यायचे म्हटले की घासाघीस करतो, ही आमची रीत लाजिरवाणी आहे. गटातील ज्यांना जोड्या हव्या आहेत त्यांना मी स्पष्ट सांगितले आहे की, सायकल घेऊन मापाला यायचे, कच्च्या शिलाईसह पूर्ण मजुरी आगाऊ द्यायची, आणि काम गणवेशांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच सांगायचे. आपण पुठ्ठ्यावर कापून ठेवलेले फर्मे आपल्याच नावाने आपल्याजवळ राहावेत. त्यांचे फोटो काढून इतरत्र शिवून घेण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर त्याला मी नकार देत आले आहे.

आपल्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईंनी चमकपट्टी दुसऱ्यांदा उसवून सरळ लावून दिली, त्यांनाही माझे आभार कळवावेत. पुढच्या मंगळवारी दोन मुली मापाला येतील. त्यांपैकी एकीची सायकल लहान चाकांची आहे आणि तिचा गुडघा पायडल वर असताना माझ्यापेक्षा बराच अधिक वाकतो, तेव्हा तिच्यासाठी टक्स कदाचित नव्याने आखावे लागतील. दुपारी चारनंतर आपल्याला सोयीचे असेल असे धरून चालते. तसे नसल्यास निरोप द्यावा.

आपली कृतज्ञ,
माळावरची एक सायकलस्वार