सर्व्हिसिंगहून गाडी आणताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी सर्व्हिसिंगला दिलीस हे बरं केलंस. आणायला जाशील तेव्हा उजेड असतानाच जा आणि अर्धा तास हाताशी ठेव. बिल भरलं, किल्ली घेतली आणि निघालो, असं करू नकोस.

मेकॅनिकवर संशय घे असं मी म्हणत नाही. बहुतेक जण मन लावून काम करतात. पण दिवसभरात हाताखालून कितीतरी गाड्या जातात, मध्येच कुणी हाक मारतं, आणि हाताने बसवलेला नट पान्ह्याने आवळायचा राहून जातो. म्हणून अख्खी गाडी तपासत बसायची गरज नाही. जॉब कार्ड मागून घे, त्यावर काय काय केलंय ते वाच आणि जिथे हात लागलाय तिथेच आधी बघ.

या वेळी तू पुढचे ब्रेक पॅड बदलायला सांगितलेस, म्हणून सर्वांत आधी ब्रेक. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यानंतर कुणी पेडल दाबून तो पुन्हा पुढे आणला नसेल, तर तुझा पहिला ब्रेक थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणारच नाही. तेव्हा गाडी जागची हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाब, ते कडक लागेपर्यंत. इंजिन सुरू केल्यावर ते थोडं खाली जातं, तेवढं चालतं. पण स्पंजासारखं मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. कितीही उशीर झालेला असो, ‘चालवल्यावर सेट होईल’ असं कुणी कितीही सांगो, काढायची नाही. पेडल नीट असेल तर तिथल्याच आवारात अगदी हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक मारून बघ. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात. तोवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेव.

मग ऑइल. गाडी सपाट जागी उभी असू दे, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांब. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढ, फडक्याने पूस, पूर्ण आत घाल आणि पुन्हा ओढून बघ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर वाईट हे सगळ्यांनाच कळतं. जास्त झालेलंही वाईट. फारच वर असेल तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनमधला फिरणारा दांडा, ते घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळ ऑइल भागांना नीट वंगण देत नाही. ऑइल भरायचं झाकण घट्ट आहे ना, तेही हाताने फिरवून बघ.

ऑइल फिल्टरची एक गोष्ट मुद्दाम सांगते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. लक्ष गेलं नाही तर नवा फिल्टर तिच्यावरच बसतो, म्हणजे दोन रिंगा एकावर एक. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. पुढे ऑइलचा दाब वाढला की रिंग निसटते आणि काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर. म्हणून इंजिन थोडा वेळ चालू ठेव आणि वाकून खाली बघ: फिल्टरखाली किंवा ड्रेन बोल्टजवळ, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बोल्टजवळ, ओल दिसते का? चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद कर. पुढच्या वळणापर्यंतही नेऊ नकोस.

पॅडसाठी चाकं काढली होती, म्हणजे चाकांचे नटही बघायला हवेत. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने, आवळलेत का, असं सरळ विचार. साध्या गाड्यांना बहुतेक 90 ते 120 न्यूटन-मीटर लागतं. तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तोच धर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासून घे, विशेषतः तुझी अलॉय व्हील आहेत म्हणून. पान्ह्यावर पाय देऊन आवळू नकोस, त्याने आटे जातात. स्टिअरिंग थरथरतंय आणि चाकाकडून ठकठक ऐकू येतेय असं झालं, तर थांबून आधी नट बघ.

बाकीचं भराभर होतं. बॅटरीचं टर्मिनल हाताने हलता कामा नये. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकत नाही ना? ब्रेकचे दिवे कुणाला तरी मागे उभं करून बघ. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेही इंजिन थंड असतानाच बघायचं. गरम इंजिनचं टोपण उघडलंस तर उकळतं पाणी अंगावर येईल.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी त्यावर तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग दिसला तर तो ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

काही सापडलं तर फोटो काढ, किलोमीटरचा आकडा लिहून ठेव आणि त्यांना त्याच दिवशी कळव. आवाज चढवायची गरज नाही. काय दिसलं, कुठे दिसलं, एवढंच सांग. दुरुस्ती झाली की ती जॉब कार्डावर लिहून घे. ब्रेक, चाक किंवा ऑइल यांतलं काही असेल तर मात्र गाडी चालवत नेऊ नकोस, त्यांनाच घेऊन जायला सांग.

तुझी,
आई