तीसची पाटी आणि माझे सत्तेचाळीस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निवासी भागात झाडाआड उभे राहून वाहनचालकांना पकडणाऱ्या पोलिसांविरुद्ध आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी विशेष आस्थेने वाचतो आहे. कारण गेल्या महिन्यात एका वसाहतीतल्या रस्त्यावर मीही असाच पकडला गेलो आणि त्याच रात्री तशाच सुराचे एक पत्र लिहूनही ठेवले होते. ते मी धाडले नाही. का धाडले नाही, ते या पत्रात सांगतो.

वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरची होती आणि माझा वेग ४७. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. एक पोलीस कर्मचारी पुढे आले, त्यांनी हात दाखवला आणि मी काच खाली करताच, काहीही न बोलता, लेझर गनची मागची बाजू माझ्याकडे वळवली. तिच्या छोट्या पडद्यावर वेगाचा आकडा होता आणि गाडी किती मीटरवर असताना तो टिपला, तेही होते. मी नेहमीची सगळी कारणे सांगून पाहिली: पाटी दिसली नाही, मागच्या गाडीला वाट द्यायची होती (मागे कोणीच नव्हते), आमच्या गाडीचा काटा कमी दाखवतो. यातले तिसरे कारण तर निव्वळ अज्ञान होते. स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि त्यामुळे तो सहसा थोडा वाढवूनच दाखवतो. म्हणजे त्या वेळी माझा काटा पन्नाशीच्या आसपास असणार आणि मी त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

दंड भरला, पण राग गेला नाही. हा सतरा किलोमीटरचा फरक किती क्षुल्लक आहे ते आकड्यांनिशी सिद्ध करावे, या हेतूने पुढच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन त्या रस्त्यावर गेलो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० च्या वेगाने तेवढ्यात गाडी आठ मीटरांहून थोडी अधिक पुढे येते आणि कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक दाबल्यास आणखी पाचेक मीटरांत उभी राहते. एकूण सुमारे १३ मीटर. ४७ च्या वेगाने हेच १३ मीटर त्या एका सेकंदातच संपतात. तीसने येणारी गाडी जिथे थांबलेली असते, तिथे माझी गाडी पुरत्या सत्तेचाळीसने पोहोचते, आणि तिचा ब्रेक तर त्यानंतर लागायचा असतो. वेग दीडपटीने वाढला असला तरी धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ अडीचपट होते. हे शाळेत शिकलेले गणित मला परीक्षेनंतर प्रथमच उपयोगी पडले, तेही माझ्याच विरुद्ध.

एका घराच्या फाटकापासून तेरा मीटर मोजून मी खडूने रेघ मारली. रेघ आणि फाटक यांच्या दरम्यान कडेला दोन मोटारी उभ्या होत्या. मी रेघेवर उभा असतानाच एक मूल तीनचाकी सायकल घेऊन बाहेर आले. मूल मला दिसलेच नाही; दुसऱ्या मोटारीच्या बॉनेटच्या कडेने सायकलीच्या दांडीला बांधलेल्या लाल झिरमिळ्या तेवढ्या आधी दिसल्या. मी रेघ बुटाने पुसली आणि घरी परतलो. तो रस्ता जेमतेम सहाशे मीटरांचा आहे. ३० ने तो ओलांडायला ७२ सेकंद लागतात, ४७ ने ४६. मी २६ सेकंद वाचवत होतो.

तरीही पत्रलेखकांच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे आणि ती सोडून देऊ नये. तो रस्ता सरळ आहे, रुंद आहे आणि मुख्य रस्त्यावरून एकही अडथळा न लागता आत येतो. साठ-सत्तरच्या वेगाला सरावलेल्या चालकाला तिथे ४७ म्हणजे रांगल्यासारखे वाटते. अशा रस्त्यावर तीसची एकुलती एक पाटी, तीही फांदीआड, लावून संबंधित यंत्रणेला आपले काम झाले असे मानता येणार नाही. तोंडाशीच रस्ता अरुंद करणे, तिथला चौक थोडा उंचावून घेणे, मर्यादेचा आकडा डांबरावर मोठा रंगवणे, हे उपाय जुनेच आहेत. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते वगळता सर्वत्र ३० ची मर्यादा लागू केली. आणि पादचारी व वाहने जिथे एकत्र येतात तिथे ३० हीच कमाल मर्यादा असावी, हे रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही नमूद आहे. म्हणजे आकडा कोणा स्थानिक अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. तो रस्त्याच्या बांधणीतून चालकाला जाणवत नाही, ही उणीव मात्र रस्ता बांधणाऱ्यांची आहे.

पण या उणिवेवरून गन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोष देणे मला पटत नाही. ते लपून उभे होते, हा आक्षेप तर मुळीच नाही. मुलेही मोटारींच्या आडूनच येतात.

आता मी तिथून तीसने जातो. मागचे चालक हॉर्न वाजवतात, आणि का कोण जाणे, नेमके त्या फाटकापाशीच. रस्त्याच्या तोंडाशी बदल होतील तेव्हा होतील; तोवर माझ्यासारख्यांकडून जमा झालेल्या दंडातून निदान ती फांदी छाटून घ्यावी, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला,
एक दंडित वाहनचालक