बाबा, युरोपातलं खरं सांगते

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की तिकडे युरोपात सगळे सिगारेटी फुकतात तरी ठणठणीत असतात, त्यावर मला बोलायचं होतं पण तेवढ्यात जेवायची हाक आली आणि बाबा सुटले. म्हणून लिहितेय, आता पूर्ण वाचा.

ठणठणीत वगैरे काही नाही हो. मी राहते त्या हंगेरीत लंग कॅन्सरचं प्रमाण अख्ख्या युरोपात सगळ्यात वर आहे. २०१३ पासून इथे सिगारेट फक्त सरकारने ठरवलेल्या दुकानात मिळते, तसलं एक आमच्या कोपऱ्यावरच आहे, चॉकलेटी रंगाचं, काचेतून आतलं काही दिसत नाही, बाहेर गोलात मोठा १८ चा आकडा. तरी सकाळी कामावर जाताना बघावं तर दाराशी माणसं उभी असतातच.

आणि तिकडे स्वीडनमध्ये पुरुषांना हा कॅन्सर खूपच कमी. २०१९ च्या युरोस्टॅटच्या (युरोपियन युनियनचं आकडेवारी खातं) आकड्यांत रोज सिगारेट ओढणारे बल्गेरियात २८.७ टक्के आणि स्वीडनमध्ये ६.४, केवढा फरक बघा! आता बाबा विचारतील, मग बल्गेरिया पहिला का नाही? कारण सिगारेटचं बिल वीस-तीस वर्षांनी येतं. आज दवाखान्यात दिसतात ते पेशंट तेव्हाच्या सिगारेटींचे. इंग्लंड, फिनलंडमध्ये पुरुषांनी लवकर सोडायला सुरुवात केली तर तिथले आकडे सत्तरच्या दशकानंतर उतरत गेले. बायकांचं मात्र उलट झालं. आई, डेन्मार्कच्या बायका आधीपासून बिनधास्त ओढायच्या, त्यांची तेव्हाची राणी मार्गरेटसुद्धा चारचौघांत ओढायची, आणि तिथे बायकांमध्ये हा कॅन्सर युरोपात सगळ्यात जास्त असलेल्या देशांइतका. पोर्तुगालच्या बायकांनी उशिरा सुरू केली तर तिथे अजून कमी आहे, पण वाढतंय. खराब हवा, जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन गॅस हेही आहेच, पण मोठा वाटा सिगारेटचाच.

स्वीडनचे बरेच पुरुष सिगारेटऐवजी ओठाखाली स्नूस नावाची तंबाखू ठेवतात, बाकी युरोपियन युनियनमध्ये ती विकायला बंदी आहे, १९९५ ला आत येताना स्वीडनने सूट मागून घेतली. आता लगेच "मग मी पण मळायला लागतो" म्हणू नका हां बाबा!! आपल्याकडच्या तंबाखू-चुन्याने तोंडाचा कॅन्सर होतो आणि तो किती जणांना होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

"आता या वयात सोडून काय उपयोग" हे तुमचं नेहमीचं. रिचर्ड डॉल नावाच्या डॉक्टरने ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच पन्नास वर्षं अभ्यास केला, २००४ साली निकाल छापला. साठीत सोडली तरी सरासरी तीन वर्षं जास्त मिळतात, पन्नाशीत सोडली असती तर सहा. सहा गेली, तीन तरी घ्या ना. जेवणानंतर गॅलरीत "दोनच" असतात म्हणता, पण आई म्हणते पाकीट तीन दिवसांत संपतं, मग हिशोब कुठे बसतो?

आई, पाकिटावर सोडायच्या मदतीचा फुकट फोन नंबर छापलेला असतो, १८०० ने सुरू होणारा. तूच लाव आणि फोन बाबांच्या हातात दे. आणि तो सकाळचा खोकला डॉक्टरांना दाखवून या, पावसाळा संपायची वाट नको बघू. रविवारी फोन करते, तेव्हा आधी बाबांकडे दे.

तुमची,
छोटी