बी४ सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बुद्धिबळात लास्करच्या बचावापुढे (जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्याच्या उत्तरापुढे) लागोपाठ डाव गमावल्यामुळे इव्हान्स गँबिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊन हल्ला मिळवायची ती पद्धत, कायमचा सोडायचा तू ठरवले आहेस, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण शाळेच्या सुट्टीत पट मांडून बसायची गोडी आपल्याला या गँबिटनेच लावली होती.

इटालियन प्रारंभ नावाच्या सुरुवातीत दोघांचे उंट सी४ आणि सी५ या घरांवर आले की चौथ्या खेळीला बी४ खेळून, म्हणजे प्यादे बी४ या घरावर ढकलून, ते देऊन टाकायचे, ही कल्पना विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्सच्या जहाजी कप्तानाने १८२० च्या दशकात रूढ केली. काळ्याने ते मारले की सी३ ने उंटाला हुसकावायचे आणि लगेच डी४ खेळून मधली घरे ताब्यात घ्यायची. गमावलेल्या प्याद्याच्या बदल्यात आपल्याला मिळतो तो वेळ, आणि तू नेमका तोच हिशेबात धरत नाहीस, असे तू पाठवलेल्या डावांवरून मला वाटते.

गॅरी कास्पारोव्ह आणि विश्वनाथन आनंद यांचा १९९५ चा रीगा येथील डाव पुन्हा एकदा पटावर मांडून बघ. आनंदने उंट ई७ वर नेला आणि घोडा ए५ वर आणून पांढऱ्या उंटावर चाल केली. कास्पारोव्हने तो उंट शांतपणे ई२ वर घेतला आणि पुढच्याच खेळीला वजिराने डी४ वरचे प्यादे मारले. त्यानंतर पांढरा वजीर डी४ वरून एच४ वर आणि तिथून जी३ वर गेला, तेवढ्या वेळात काळ्याचे घोडे जागा शोधत भटकत राहिले. मी खेळ्या मोजल्या : काळ्याच्या पहिल्या चौदा खेळ्यांपैकी सात एकट्या घोड्यांच्या आहेत! पंधराव्या खेळीला उंट एच६ वर येऊन बसला, किल्लेकोटाची (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याच्या खेळीची) वाट अडली आणि पंचविसाव्या खेळीनंतर आनंदने डाव सोडला. आनंदसारखा खेळाडू हरला याचे दुःख मला तेव्हाही झाले होते, तरी या डावाइतके सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आता लास्करचा बचाव. काळा उंट ए५ वर नेतो, डी६ खेळतो, आणि तू किल्लेकोट केलास की उंट बी६ वर घेऊन प्यादे परत देऊ करतो. तू ते घेतोस, वजिरांची मारामारी होते, प्यादी समसमान होतात. पण तुझी ए आणि सी पट्टीवरची प्यादी एकाकी पडतात आणि हल्ला तर संपलेलाच असतो. दोष गँबिटचा नाही, किल्लेकोटाच्या घाईचा आहे. सातव्या खेळीला वजीर बी३ वर आण. एफ७ वर दुहेरी मारा झाल्यामुळे काळ्याला बहुधा वजीर डी७ वर आणावा लागतो, आणि तिथे तो स्वतःच्याच सी८ वरच्या उंटाची वाट अडवतो. प्यादे तेव्हाही कमीच असेल, पण पटावर वजीर असतील आणि खेळायला भरपूर काही उरलेले असेल.

आपल्या पत्रातल्या पुढच्या डावात काळी मोहरी मी घेतो आणि लास्करचाच बचाव खेळतो. तुझी सातवी खेळी लवकर कळव.

तुझाच,
जुना सवंगडी