चंपीच्या पिल्लांसाठी पहिले चार महिने

फोंडा,
१४ जून

प्रिय उल्हास,
सप्रेम नमस्कार.

तुझी कुत्री चंपी आठवड्याभरात व्यायेल असं तू लिहिलंस. ‘आईचं दूध मिळालं की तीन महिने काळजी नाही ना?’ या तुझ्या प्रश्नासाठीच हे पत्र. काळजी आहे, आणि तिसऱ्या महिन्यातच जास्त.

आधी चीक. गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. पोटात असताना वारेतून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, जेमतेम पाच-दहा टक्के मिळतात, बाकी सारी भिस्त चिकावर. नवजात आतडं ती अख्खी रक्तात घेतं, पण पहिल्याच दिवशी. पहिले आठ तास सर्वांत मोलाचे. चोवीस तासांनंतर ती नुसती पचून जातात. म्हणून व्याल्यावर दोन तासांच्या आत प्रत्येक पिल्लू सडाला लागलंच पाहिजे. दुबळ्याला भावंडं ढकलतात, त्याला तू हाताने मागच्या सडाला लाव. तिथे दूध जास्त असतं. गार पडलेलं पिल्लू चोखत नाही, म्हणून पावसात ओल्या फरशीवर नको. फळी, वर गोणपाट, त्यावर कोरडी चादर. आसपास ३० अंश ऊब हवी.

किचनच्या काट्यावर रोज वजन कर आणि वहीत लिही. ३०० ग्रॅमचं पिल्लू रोज १५ ते ३० ग्रॅमनी वाढायला हवं. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. दुसऱ्या दिवशीही घटलं तर डॉक्टरांना फोन. चंपीला दूधच आलं नाही, तर लस घेतलेल्या निरोगी कुत्र्याच्या रक्तातला सीरम देता येतो, पण निर्णय पहिल्याच दिवशी हवा. गाईचं दूध त्याची जागा घेत नाही.

आता खरी गोम. आईची प्रतिपिंडं दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होतात. ती भरपूर असताना लस टोचली, तर लसीतल्या विषाणूलाच ती गाठून निकामी करतात. नंतर ती इतकी उतरतात की खऱ्या पार्व्होला, म्हणजे रक्ताचे जुलाब लावणाऱ्या विषाणूला, रोखता येत नाही, पण लसीला अडवायला पुरतात. हा उघडा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा, कारण चीकही सारखा मिळत नाही. ‘एक लस टोचली होती, तरी पार्व्हो झाला’ असं ऐकतोस, त्याचं कारण बहुधा हेच. लस खोटी नसते.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे उलटल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास. ही शेवटची कधीच चुकवू नकोस. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर एक डोस. रेबीज बारा आठवड्यांना. लेप्टो या जिवाणूच्या आजारावरचे दोन डोस, मग दरवर्षी; आपल्याकडे पावसात उंदरांच्या मुतातून तो पसरतो, म्हणून टाळू नकोस. दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, दर पंधरा दिवसांनी, चंपीलाही.

लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. बर्फाला चिकटवून आणू नकोस. गोठली तर रेबीज आणि लेप्टोची लस वाया जाते. फ्रीजची वीज पावसात किती वेळ जाते, हे दवाखान्यात मोकळेपणाने विचार.

उघडा काळ बरोबर चवथीच्या गर्दीत येतो. पार्व्हो चपलांना चिकटून येतो आणि अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. आधी घाण धुऊन काढ, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं ओलं राहू दे, नंतर धू. पाहुण्यांना पिल्लांजवळ जाऊ देऊ नकोस. उलटी, रक्ताचा जुलाब, सुस्ती दिसली, तर सकाळची वाट पाहू नकोस, लगेच ने.

व्याली की पिल्लांची वजनं लिहून पाठव.

तुझा,
रमाकांत