मंत्रिमहोदय, फेऱ्याचं डिझेल कोण भरणार?

मा. मंत्रिमहोदय,
(रस्ते आणि पूल ज्यांच्या खात्यात येतात ते)

सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गंभीरा पूल पडल्यामुळे परवा माझं काम गेलं. बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या ज्या पार्टीचा माल मी माझ्या टेम्पोने मही नदीपलीकडे बोरसद-पेटलादकडे नेत होतो, तिने फोनवर सांगितलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण आता तिकडचीच गाडी बघितली आहे." मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून तिच्या लग्नापर्यंत ज्या भाड्यावर आमचं घर चाललं, ते दोन मिनिटांत संपलं. पार्टीला मी दोष देत नाही, तिने हिशेब केला. तोच हिशेब तुम्हीही एकदा करावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

गंभीरा पूल आपल्या स्मरणात असेलच. नसेल तर सांगतो. वडोदरा जिल्ह्यातलं मुजपूर आणि आणंद जिल्ह्यातलं गंभीरा यांच्या मधे मही नदीवर १९८५ पासून उभा असलेला पूल. ९ जुलै २०२५ ला सकाळी ऐन कामाच्या वेळी त्याचा दोन खांबांमधला एक गाळा खाली गेला आणि त्याच्याबरोबर ट्रक, पिकअप, रिक्षा, माणसं. किमान २० जीव गेले. राज्याने ४ लाख जाहीर केले, केंद्राने २ लाख, आणि चार इंजिनिअर निलंबित झाले. एक टँकर तुटलेल्या टोकावर कित्येक आठवडे लटकत होता, तो काढायला शेवटी हवेचे फुगे आणावे लागले. टीव्हीवर लोक तो तमाशा बघत होते. मी बघताना विचार करत होतो, याच्या मालकाचे हप्ते या महिन्यात कोण भरतंय?

पूल का पडला, तर पेडेस्टल आणि सांधा चिरडला गेला, असं सरकारनेच पहिल्या अहवालाच्या आधारे सांगितलं. म्हणजे खांब उभे होते, नदीचा पूर नव्हता, भूकंप नव्हता. जिथे गाळा टेकतो, तिथला तुकडा झिजून झिजून गेला. आम्हा गाडीवाल्यांना हे कळायला अहवाल लागत नव्हता. जड गाडी बाजूने गेली की पुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला कळायचं. सांध्यावर टेम्पोचं पुढचं चाक आपटलं की केबिनमधला देवाचा फोटो हलायचा. २०२२ मध्ये मुजपूर भागातल्या जिल्हा पंचायत सदस्याने लेखी कळवलं होतं की हा पूल धोकादायक आहे, वाहतूक बंद करा. नव्या पुलासाठी २१२ कोटी मंजूर झाल्याचं तुम्हीच सांगितलंत. मग जुना पूल धड नाही हे ठाऊक होतं म्हणूनच ना नवा मंजूर केला? आणि ठाऊक होतं, तर त्या सकाळी त्यावरून अवजड वाहनं का जात होती?

त्याचंही उत्तर आम्हाला ठाऊक आहे. टोल वाचवायला. सौराष्ट्राकडे जाणारी जड वाहनं हायवेचा टोल चुकवून या पुलावर वळायची आणि तुमच्या लोकांना ते दिसत होतं.

आता माझं सांगतो. हे सगळं सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. पूल गेल्यापासून पलीकडे जायचं तर एक तर उमेट्याकडून, नाहीतर वासदवरून. एका बाजूचे चाळीसेक किलोमीटर जादा. माझा ड्रायव्हर पलीकडच्या गावचा, त्यालाही रोज घर गाठणं जमेना. तो गेला. या वयात मी स्वतः स्टेअरिंगवर बसलो. कमरेला पट्टा बांधतो, डॉक्टर म्हणतात बसू नका, बँक म्हणते हप्ता चुकवू नका. मागचे टायर रिमोल्ड केलेले आहेत, नवे घ्यायची ऐपत नाही. वासदच्या अलीकडे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्याचं मोठं पान तुटलं, गाडीत पीव्हीसीचे पाइप भरलेले, रात्रीची वेळ. मेकॅनिक येईपर्यंत मी दोरखंडाने लाकडी ओंडका बांधून पाटा धरून ठेवला होता. घरी आलो तेव्हा बायको जागीच होती. तिच्या पाटल्या तेव्हाच गहाण गेल्या होत्या, फक्त मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पावसाळ्यात एका बैठकीला आम्हा गाडीवाल्यांना बोलावलं होतं. एक साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत तुमची काही ना काही सोय होईल. दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही झालं. मी लेखी विचारलं तर उत्तर आलं, 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद घेतलेली वही डिझेल पंपावर चालते का, तेवढं कळवावं.

हा माझ्या कागदावरचा हिशेब, चुकला असेल तर दुरुस्त करून पाठवा. रोज नुसती तीन हजार वाहनं धरा. प्रत्येकाचा चाळीस किलोमीटरचा फेरा धरा, डिझेल साडेतीनशे रुपयांचं. दिवसाला साडेदहा लाख. वर्षाला अडतीस कोटींच्या वर. म्हणजे साडेपाच वर्षांत आम्ही निव्वळ धुरात नव्या पुलाचे २१२ कोटी जाळून टाकू. यात गेलेली कामं धरलेली नाहीत. पलीकडून पादऱ्याच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांचे खाडे धरलेले नाहीत. भाजी, दूध, दवाखाना काहीच धरलेलं नाही.

अर्थमंत्री दर वर्षी सांगतात की सरकार रस्ते-पुलांवर एक रुपया घालतं तेव्हा देशाच्या उत्पन्नात त्याच्या दुप्पट-अडीचपट भर पडते. खरं असेल, मी वाद घालणार नाही. २०१४-१५ मध्ये केंद्राचा भांडवली खर्च २ लाख कोटींच्या आसपास होता, २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात तो ११.२१ लाख कोटी होता. पण असा पूल पडतो तेव्हा तोच गुणाकार उलटा फिरतो, हे कुणी भाषणात सांगत नाही. पडलेल्या पुलाने माझं भाडं खाल्लं, माझ्या ड्रायव्हरचा पगार खाल्ला, त्या ड्रायव्हरच्या गावच्या किराणावाल्याची उधारी बुडवली. ही साखळी कुठल्या खात्यात मांडणार?

खरी मेख अशी आहे साहेब, की नवा पूल बांधला तर तो भांडवली खर्च. बजेटमध्ये छातीठोकपणे सांगता येतो, वर फीत कापता येते, कोनशिलेवर नाव येतं. जुन्या पुलाचं बेअरिंग बदललं, सांधा भरला, झाडाची मुळं काढली, पाणी जायची भोकं मोकळी केली, तर तो झाला महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च. त्याला काटकसरीची कात्री पहिली लागते. बेअरिंग बदलल्यावर फीत कापताना मी तरी कुठल्या मंत्र्याला पाहिलेलं नाही. आजकाल पूल शंभर वर्षं टिकावा म्हणून बांधतात असं म्हणतात. हा चाळिशीत गेला. आम्ही त्याच्यावरून लोखंड, सिमेंट, केमिकल सगळं नेलं आणि त्याला तेलपाणी कुणी केलं नाही.

माझ्या टेम्पोचं फिटनेस सर्टिफिकेट एक दिवस उशिरा झालं तरी आरटीओ रोजचे ५० रुपये लावतं. पीयूसी, विमा, परमिट, रिफ्लेक्टरची पट्टी, सगळं दाखवावं लागतं. पट्टी सोललेली होती म्हणून मला दंड भरावा लागला आहे. माझ्यासारखे हजारो टेम्पो ज्या पुलावरून जातात, त्याचं फिटनेस कोणी तपासलं, कधी तपासलं, कुठे लावलं आहे? आणि त्याला उशीर झाला तर रोजचे ५० रुपये कुणाकडून घ्यायचे?

गंभीरा पडल्यावर तुम्ही राज्यभर पाहणी केलीत आणि शंभराहून जास्त पुलांवर जड वाहनं बंद केलीत. अभिनंदन. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत त्या सगळ्या पुलांवरून आम्ही रामभरोसे जात होतो. मोरबीला ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली, तेव्हा ही पाहणी नीट झाली असती तर? आणि नुसता जुनाच पूल पडतो असंही नाही. अहमदाबादचा हाटकेश्वर पूल २०१७ मध्ये उघडला, २०२२ मध्ये बंद केला. तिथे म्हातारपणाला दोष देता येत नाही.

महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांना मी नावं ठेवत असतो, पण महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी घेऊन वाहून गेला आणि पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. तिथे वर्षाच्या आत झालं. इथे, गुजरात मॉडेलच्या गावात, बुलेट ट्रेनचे खांब झपाट्याने उभे राहतात. ५०८ किलोमीटर, १ लाख ८ हजार कोटींचा मूळ अंदाज. ते खांब पाहिले की मलाही अभिमान वाटतो हो. पण मी बुलेट ट्रेनमध्ये पीव्हीसी पाइप चढवू शकत नाही.

बडोद्यातच बघा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, दर पावसाळ्यात तुंबतं. जुन्या ड्रेनेजची लाइन फुटते आणि भर रस्त्यात भुवा, म्हणजे मोठा खड्डा, पडतो, त्यात कार नाक खाली घालून बसलेली दिसते. पेपरात फोटो येतो, बॅरिकेड लावतात, माती टाकतात, पुढच्या वर्षी शंभर फुटांवर दुसरा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, आमच्या घरात नाही पण मावसभावाच्या घरात फ्रिज तरंगत होता. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना ऊठसूट सयाजीराव महाराजांचं नाव काढायची खोड आहे. दांडिया बाजारात चहाच्या कपागणिक महाराज येतात आणि मला स्वतःला त्याचा कंटाळा आहे. पण त्यांच्या काळातल्या आजवा तलावाचं पाणी अजून शहरात येतं. तो एकोणिसाव्या शतकात बांधला आणि त्याचे ६२ दरवाजे अजून आहेत. कुणीतरी ते राखत आलं, म्हणून आहेत.

टोलचं विचारलं तर सांगतात तो केंद्राचा. पूल राज्याचा. गरनाळ्याचं विचारावं तर एक जण पालिका म्हणतो, दुसरा रेल्वे. मत मागायला मात्र सगळे एकाच जीपमधून येतात.

माझं मागणं फार नाही. नवा पूल होईपर्यंत पादरा-बोरसद पट्ट्यातल्या छोट्या मालवाहू गाड्यांना वासदच्या फेऱ्यावर टोल माफ करा, केंद्राशी बोलायचं असेल तर तुम्ही बोला, मला दिल्लीचा पत्ता माहीत नाही. नव्या पुलाच्या जागेवर दर महिन्याला काम कुठवर आलं त्याचा फलक लावा, गुजरातीत, तारखेसह. दुरुस्तीचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि तो दुसरीकडे वळवायला बंदी करा. आणि प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना शेवटची तपासणी कधी झाली आणि किती टन चालतात ते रंगवा. रंगाला पैसे नसतील तर आम्ही गाडीवाले वर्गणी काढू.

उत्तराची अपेक्षा आहे. 'नोंद घेण्यात आली आहे' हे सोडून दुसरं काहीही चालेल.

आपला,
दांडिया बाजारातला एक टेम्पोवाला
बडोदे

ता. क. आमच्याकडच्या एका पुलावर वजनमर्यादेचा फलक खरोखरच आहे. त्यावर सध्या एका नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर बांधलंय. वाढदिवस होऊन गेला आहे. तेवढं बॅनर या आठवड्यात उतरवायला सांगा. यासाठी कॅबिनेटची मंजुरी लागू नये.